काळ्या खडकाखाली गॅस आहे का?

भुसावळ स्टेशनवर गाडीची वाट बघत उभे असाल, तर एक चाळा तुम्हीही केला असेल. समोरच्या रुळावरून कोळशाने भरलेली मालगाडी जाते आणि आपण डबे मोजत बसतो. अठ्ठावन्न, एकोणसाठ... आणि मग गार्डाचा डबा. यातल्या कित्येक गाड्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी असतात. तिथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, आता ६६० मेगावॅटचा नवाही आला. हायवेवरून जाताना दिसणाऱ्या त्या चिमण्या खान्देशच्या, पण चुलीत जाणारा कोळसा मात्र एक ढेकूळसुद्धा खान्देशचं नाही. तो सगळा बाहेरून, रेल्वेने येतो.

मग साधा प्रश्न पडतो. विदर्भात कोळसा, सातपुड्याच्या पलीकडे बैतूल जिल्ह्यात पाथाखेड्याला कोळसा, छिंदवाड्याला पेंच-कन्हानच्या खाणी. मध्येच आपण कोरडे कसे? आणि आपल्याकडे खोलवर कोळसा असेलच, तर त्यात अडकलेला गॅस? देशात ‘कोल बेड मिथेन’, म्हणजे कोळशाच्या थरात साठलेल्या नैसर्गिक वायूची चर्चा अधूनमधून होते, लाखो कोटी घनफुटांचे आकडे छापून येतात. जळगाव-धुळ्याच्या मुलांनी या आकड्यांकडे कसं बघायचं, ते आज जरा नीट समजून घेऊ.

सुरुवात शेणापासून करू, कारण ती तुम्हाला माहीत आहे. गावाकडे गोबर गॅसची टाकी असते. शेण आणि पाणी कालवून आत सोडलं, हवा बंद केली, की आतले जीवाणू त्याचा मिथेन करतात. कोळशातल्या गॅसची पहिली पायरी हुबेहूब हीच. सुमारे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन महाखंडाचा भाग होता (हे नाव भूगर्भशास्त्रज्ञांनी आपल्या शेजारच्या गोंडांच्या मुलखावरूनच घेतलं). दलदलीत ग्लॉसॉप्टेरिस जातीच्या झाडांचा पालापाचोळा साचत गेला, पाण्याखाली गेला, हवा तुटली. जीवाणूंनी मिथेन केला. त्यातला बराचसा बुडबुडे होऊन वर निघूनही गेला.

खरा गॅस पुढे तयार झाला. त्या पाचोळ्यावर गाळाचे थर चढत गेले, तो खाली दबला, खालची उष्णता लागली. पाचोळ्याचा पीट, पीटचा लिग्नाइट, त्याचा बिट्युमिनस कोळसा आणि फार तापला तर अँथ्रासाइट. या प्रवासात कोळसा आपल्यातलं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन सोडत जातो. जितका कोळसा ‘पिकलेला’, तितका त्याने गॅस जास्त तयार केलेला. हे ‘पिकणं’ लक्षात ठेवा, पुढे विदर्भाची गोष्ट यावरच अडणार आहे.

आता गॅस राहतो कुठे? बऱ्याच जणांना वाटतं की खाली पोकळी असेल, तळघरासारखी, आणि तीत गॅस भरलेला असेल. तसं नाही. कोळशाच्या आत डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. त्या छिद्रांच्या भिंतींना मिथेनचे रेणू चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. शोषण वेगळं आणि अधिशोषण वेगळं. पाण्याच्या फिल्टरमधला कार्बन वास आणि रंग धरून ठेवतो तो याच गुणामुळे. म्हणूनच त्याच आकाराच्या वालुकाश्मात मावेल त्याच्या सहा-सात पट गॅस चांगला कोळसा धरू शकतो. कोळसा म्हणजे एकाच वेळी गॅस तयार करणारी भट्टी आणि साठवणारं गोदाम. तेलाच्या विहिरींत असं नसतं. तिथे तेल एका खडकात तयार होतं आणि सरकत सरकत दुसऱ्यात जाऊन अडकतं.

पण हा चिकटलेला गॅस चिकटून राहतो कशाने? दाबाने. कोळशाच्या थराला उभ्या-आडव्या बारीक भेगा असतात आणि त्या भेगांत पाणी भरलेलं असतं. त्या पाण्याचा दाब गॅसला जागेवर धरून ठेवतो. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडलं की काय होतं, ते आठवा. इथेही गॅस हवा असेल तर आधी दाब कमी करायचा, म्हणजे आधी पाणी उपसायचं. त्यामुळे कोळशाच्या गॅसची विहीर सुरुवातीला गॅस देतच नाही, पाणीच देते. कित्येक महिने, कधी वर्षसुद्धा. मग हळूहळू पाणी घटतं, गॅस वाढतो, एका उंचीला पोचतो आणि मग वर्षानुवर्षं उतरत जातो. बँकेकडून कर्ज काढून हा धंदा करणाऱ्याची झोप त्या पहिल्या काळात उडालेली असते.

खोलीचंही गणित आहे. थर फार वर असला तर गॅस कधीच निसटून गेलेला असतो. फार खाली असला तर वरच्या खडकाच्या ओझ्याने त्या भेगाच मिटून जातात, गॅस आत भरपूर असूनही बाहेर यायला वाट नाही. साधारण तीनशे मीटर ते हजार-दीड हजार मीटर हा कामाचा पट्टा.

खाणीत उतरणाऱ्या माणसाने हा गॅस आधी ओळखला तो शत्रू म्हणून. हवेत मिथेनचं प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान गेलं की एक ठिणगी पुरते. २८ मे १९६५ ला तेव्हाच्या बिहारमधल्या, आता झारखंडमधल्या ढोरी खाणीत स्फोट झाला आणि २६८ कामगार गेले. खाणीतली हवा खेळती ठेवणारे प्रचंड पंखे याच भीतीने चोवीस तास चालतात आणि मिथेन वातावरणात फेकतात. तिथे तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट उष्णता अडवतो. मग हाच गॅस खाण खोदण्याआधी काढून जाळला तर? कामगार वाचतो, वातावरणाचं नुकसान कमी होतं, वर चूलही पेटते. ही कल्पना आकर्षक आहे आणि खोटी नाही.

भारताने १९९७ मध्ये यासाठी वेगळं धोरण केलं. २००१ पासून ब्लॉक वाटायला सुरुवात झाली. पश्चिम बंगालमध्ये राणीगंजला २००७ साली पहिल्यांदा व्यापारी उत्पादन सुरू झालं, ते ग्रेट ईस्टर्न एनर्जी या कंपनीचं. मध्य प्रदेशात शहडोलजवळ सोहागपूरला रिलायन्सने २०१७ मध्ये उत्पादन सुरू केलं आणि गॅस न्यायला शहडोल ते फूलपूर अशी तीनशे किलोमीटरची पाइपलाइन टाकली.

आता तो मोठा आकडा. देशातल्या बारा राज्यांत मिळून कोळशाच्या थरांत सुमारे ९२ लाख कोटी घनफूट, म्हणजे जवळपास २,६०० अब्ज घनमीटर गॅस असावा, असा सरकारी अंदाज आहे. हा आकडा कुठे वाचला की छाती फुगते. पण त्याच सरकारी कागदात पुढची ओळ असते. विहिरी खणून, मोजून, जागेवर आहे असं सिद्ध झालेला गॅस सुमारे २८० अब्ज घनमीटर. म्हणजे जेमतेम अकरा टक्के. त्यातला सगळा वर येत नाही. आणि प्रत्यक्षात देशभरातून वर्षाला निघतो तो एक अब्ज घनमीटरपेक्षाही कमी.

केळीच्या भाषेत सांगतो. रावेरच्या एखाद्या शेतकऱ्याने नुसती जमीन बघून म्हटलं की इथे पाच हजार खोडं बसतील, तो झाला अंदाज. खोडं लावली, निसवली, घड मोजले, तो झाला सिद्ध साठा. आणि करपा, वादळ, उन्हाचा चटका आणि व्यापाऱ्याने पाडलेला भाव या सगळ्यातून वाचून ट्रकमध्ये चढला, तो माल. पेपरात येतो तो आकडा पहिला असतो. वाचणारा समजतो, ट्रक भरला.

एक हिशेब स्वतः करून बघा, वहीच्या मागच्या पानावर. समजा दहा चौरस किलोमीटरवर दहा मीटर जाडीचा कोळसा आहे. एक घनमीटर कोळसा साधारण १.४ टन. म्हणजे १४ कोटी टन कोळसा. टनामागे ८ घनमीटर गॅस धरू. झाला ११२ कोटी घनमीटर. ऐकायला केवढा! त्यातला निम्मा वर आला असं मानलं, तर ५६ कोटी. स्वयंपाकाच्या सिलिंडरशी तुलना केली तर हे सुमारे तीन कोटी सिलिंडर होतात. वा! पण याच गॅसवर दीपनगरच्या एका ५०० मेगावॅट संचाएवढं गॅसवर चालणारं केंद्र पूर्ण वेळ चालवलं तर? त्याला रोज वीसेक लाख घनमीटर गॅस लागेल. आठ-नऊ महिन्यांत सगळं संपलं. आणि मुळात हा गॅस आठ-नऊ महिन्यांत बाहेर येणारच नाही, त्याला पंधरा-वीस वर्षं लागतील. सगळ्या देशातल्या कोळसा-गॅसच्या विहिरी मिळून आज रोज अठरा लाखांच्या आसपास घनमीटर देतात. म्हणजे असं एक केंद्रही त्यावर धड चालणार नाही. हा गॅस वीज केंद्रांसाठी नाहीच. तो जवळच्या भट्ट्या, काच कारखाने, खत कारखाने, शहरातल्या रिक्षा यांच्या कामाचा.

महाराष्ट्राचं काय झालं? २००३ च्या दुसऱ्या फेरीत वर्धा खोऱ्यातला एक ब्लॉक ओएनजीसीला मिळाला होता. पुढे तो सोडून दिला गेला. नुसता आपलाच नाही. देशात एकूण तेहतीस ब्लॉक वाटले गेले, त्यातले बहुतेक परत आले. वर्धा खोऱ्यातला कोळसा वीज केंद्राला चालतो, पण तो झरिया-राणीगंजच्या कोळशाइतका ‘पिकलेला’ नाही. कोळसा तरुण, गॅस कमी. मी वर सांगितलं होतं ना, लक्षात ठेवा म्हणून.

आता आपल्या पायाखाली येऊ. खान्देशात खाली काय आहे, याचं उत्तर द्यायचं तर आधी वरचं झाकण बघावं लागतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहिला आणि त्याचा बेसाल्ट झाला. धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला ज्या डोंगरावर आहे, तो याच खडकाचा. तापीकाठी या बेसाल्टवर पुन्हा नदीचा गाळ, काही ठिकाणी शेकडो मीटर. म्हणजे कोळसा असलाच, तर तो या दोन गोधड्यांखाली. कोळसा जुना, लाव्हा नंतरचा. त्यामुळे लाव्हा आला म्हणून खालचा कोळसा नाहीसा होतो, असं नाही. तो झाकला जातो. पेंच-कन्हानमध्ये कोळसा असलेले थर बेसाल्टच्या खाली शिरलेले आहेतच.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने, एनजीआरआयने, यासाठी मोठं काम केलं आहे. जमिनीत छोटे सुरुंग लावायचे, त्यांचे हादरे खालच्या थरांवरून परत येतात तेव्हा लांबवर ठेवलेल्या यंत्रांनी टिपायचे. असा एक मार्ग मध्य प्रदेशातल्या थुआदऱ्यापासून सेंधव्यावरून खाली खान्देशात सिंदाडपर्यंत घेतला होता. या आणि अशाच इतर मार्गांच्या आधारे के. एल. कैला यांनी १९८८ मध्ये मांडलं की नर्मदा-तापी पट्ट्यात बेसाल्टच्या खाली गाळाच्या खडकांचं एक लपलेलं खोरं आहे. लाव्हा येण्याआधीचं. पुढे तेल-वायू शोधणाऱ्यांनी या सगळ्या प्रदेशाला ‘दख्खन सिनेक्लाइज’ असं नाव देऊन नकाशावर एक खोरं म्हणून मांडलं.

थांबा, लगेच स्टेटस टाकू नका. गाळाचा खडक म्हणजे कोळसा नव्हे. तो गाळ गोंडवनाच्या दलदलीचा असू शकतो, किंवा कधीकाळी नर्मदेच्या बाजूने आत शिरलेल्या समुद्राचा. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाघजवळ समुद्री जीवाश्म असलेले थर उघड्यावर दिसतात. दुसऱ्या प्रकारात तेल-वायूची आशा ठेवता येते, कोळशाच्या गॅसची नाही. आणि हादऱ्यांच्या तंत्राला बेसाल्टचीच अडचण आहे. वरचा खडक कठीण, त्यात लहरी जोरात धावतात. खालचा गाळ मऊ, त्यात मंद. वेगवान थराखाली मंद थर लपला की परत येणाऱ्या लहरींतून तो नीट वाचता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ जोडीला विद्युत-चुंबकीय पद्धती वापरतात, कारण पाणी धरलेला गाळ बेसाल्टपेक्षा वीज चांगली वाहून नेतो.

शेवटी खरं बोलतो तो बोअर. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे बोअर मारला तर साधारण ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली गाळाचा आठेक मीटरचा पापुद्रा आणि मग थेट पायाचा प्राचीन खडक. कोयनेला खोल बोअर मारले तर बेसाल्ट संपताच ग्रॅनाइट, मधे गाळ नाहीच. म्हणजे ‘दख्खनच्या खाली सगळीकडे काहीतरी आहे’ हे विधान दोनदा तरी बोअरने खोडलं आहे. नर्मदा-तापी पट्टा वेगळा आहे, तिथे जमीन खचून खोलगट झालेली आहे, म्हणून तिथे आशा जास्त. पण जळगाव-धुळ्याचं नाव आजही राज्याच्या कोळसा क्षेत्रांच्या यादीत नाही. यादी नागपूर, चंद्रपूर, यवतमाळकडे संपते.

खान्देशची आणखी एक गंमत आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. धुळे-नंदुरबार भागात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती शेतांतून, माळावरून गेलेल्या दिसतात. कुणी बांधल्यासारख्या. लोक म्हणतात देवाने किंवा राक्षसाने बांधल्या. भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. खालून वर येणारा लाव्हा जमिनीच्या फटीत थिजला, बाजूचा खडक झिजून गेला, भिंत उरली. शास्त्रज्ञांनी यांचा नंदुरबार-धुळे डाइक समूह म्हणून अभ्यास केलेला आहे. आता विचार करा, या भिंती खालून वर येताना मधे कोळशाचा थर असता तर त्याचं काय झालं असतं? झरियाच्या खाणींत असं घडलेलं दिसतं. तापलेला लाव्हा जिथे कोळशाला चिकटला, तिथे कोळसा भाजून त्याचा कोक झाला. खाणकामगार त्याला झामा म्हणतात. तो गॅसच्या दृष्टीने वाया गेला. पण थोडं लांब, जिथे फक्त ऊब पोचली, तिथे कोळसा जास्त पिकतो, गॅस वाढतो. भरताचं वांगं विस्तवाला लागलं तिथे करपतं आणि आत नेमकं शिजतं, तसंच.

समजा उद्या सापडलाच. मग? मग पाण्याचा प्रश्न, आणि आपल्याकडे तो सगळ्यात आधी. सोहागपूरला या गॅससाठी तीनशेच्या आसपास विहिरी लागल्या. अशी प्रत्येक विहीर आधी पाणी उपसणार. ते पाणी खोलचं असतं, पुष्कळदा खारं. ते सोडायचं कुठे? अमेरिकेत पावडर रिव्हर खोऱ्यात यावरून वर्षानुवर्षं वाद झाले, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या शेतकऱ्यांनी कंपन्यांना फाटकं बंद केली. आपल्याकडे रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात भूजल उपशाने आधीच खाली गेलेलं आहे. तुमच्या घरी बोअर असेल तर तो वडिलांच्या काळात किती फुटांवर लागला होता आणि आता किती, हे विचारून बघा. कंपनी म्हणेल की आमचे थर फार खोल आहेत, मधे बेसाल्ट आहे, तुमच्या पाण्याला धक्का नाही. ते खरं असूही शकतं. पण ते विहिरीगणिक मोजून दाखवायला लागेल, आणि ते मोजणारा गावात कुणी तरी हवा.

माझं मत विचाराल तर, खान्देशाने कोळशाच्या गॅसवर भविष्य बांधू नये. झाकण जाड, खाली कोळसा सिद्ध नाही, शेजारच्या वर्ध्याचा अनुभव थंड. मुंबईहून नागपूरकडे जाणारी गॅसची मोठी पाइपलाइनसुद्धा समृद्धी महामार्गाच्या बाजूने, आपल्याला दक्षिणेकडून वळसा घालून जाते. त्यापेक्षा केळीचे खुंट आणि शेण यांच्यापासून मिथेन करणं जवळचं आहे. त्यासाठी पंचवीस कोटी वर्षं थांबावं लागत नाही. पण खाली काय आहे ते कळायला हवं, हा हट्ट मात्र मी सोडणार नाही. आपल्या जमिनीखालचा नकाशा हैदराबाद आणि नोएडातच का राहावा?

हे काम करायला माणसं कुठून येतात? ‘काय भो, जिऑलॉजी घेऊन काय करणार?’ हा प्रश्न अकरावीपासून ऐकला असेल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जागा यूपीएससीच्या ‘कंबाइंड जिओ-सायंटिस्ट’ परीक्षेतून भरल्या जातात, तिच्यात भूगर्भशास्त्र, भूभौतिकी, रसायन आणि भूजल असे चार रस्ते आहेत. एमएस्सी लागते. सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपूरला आहे, कोल इंडियाच्या नियोजन संस्थेचं, सीएमपीडीआयचं, एक प्रादेशिक केंद्रही तिथेच. तेल-वायू शोधाची जुनी माहिती २०१७ पासून राष्ट्रीय डेटा भांडारात ठेवली जाते आणि विद्यापीठांना संशोधनासाठी ती मागता येते. जळगावच्या एखाद्या एमएस्सीच्या मुलीने सिंदाडच्या त्या मार्गाची जुनी नोंद मागवून नव्या सॉफ्टवेअरवर पुन्हा लावून बघितली, तर तिच्या प्रबंधाला विषय शोधत बसावं लागणार नाही.